गाडी किती दिवस उभी होती?

सेल्फ उचलतच नाही, आणि सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत वीज कमी पडते. दुसरीत वीज भरपूर असते, पण पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यांपैकी काहीतरी वेळेवर पोचत नाही. कानाला हा फरक लगेच कळतो. बॅटरी उतरली असेल तर दमलेली घरघर ऐकू येते किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. दुसऱ्या तक्रारीत आवाज एकसारखा आणि वेगवान असतो, फक्त त्यातून इंजिन जागं होत नाही. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तरीही बराच काळ मी या दोन्ही गोष्टी “गाडी स्टार्ट होत नाहीये” या एकाच वाक्यात कोंबून सांगत होतो. त्याला जोडून पुढचं वाक्यही माझंच असे: “अमुक बदला.”

आमची गाडी छोटी, पेट्रोलवरची, इंजेक्शनच्या इंजिनाची. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. कॉलेज बंद झालं, तास मोबाइलवर सुरू झाले आणि गाडी इमारतीखाली उभी राहिली. आमच्या सोसायटीत तेव्हा सगळेच करत होते ते मीही केलं. रविवारी खाली जायचं, गाडी सुरू करायची, पाचेक मिनिटं जागेवर चालू ठेवायची आणि बंद करून वर यायचं. गाडीची काळजी घेतो आहोत असं मला मनापासून वाटत होतं.

मी तेव्हा गणित केलं नाही. गाडी बंद असली तरी घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची, मेमरी यांना थोडी वीज लागतेच. चांगल्या स्थितीतल्या गाडीत ती साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असते. ३० धरले तरी आठवड्याला पाच अँपिअर-तास गेले. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. जागेवर मंद चालणाऱ्या इंजिनाच्या अल्टरनेटरकडून बॅटरीला दहा अँपिअर मिळतात असं उदार मनाने धरलं, तरी पाच मिनिटांत एक अँपिअर-तासही परत येत नाही. म्हणजे दर रविवारी मी निदान पाचाच्या खर्चापुढे एकाची जमा करत होतो, आणि त्या जमेतलं थोडं सेल्फ मारण्यात खर्चत होतो. असली उदाहरणं मी मुलांकडून फळ्यावर सोडवून घेतो. शिवाय इतक्या कमी वेळात इंजिन पुरतं तापत नाही, आणि जळणातून तयार झालेली पाण्याची वाफ सायलेन्सरमध्येच थंड होऊन साचते. गाडी बाहेर नेऊन अर्धा तास चालवता येत नसेल, तर निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवणं जास्त बरं. मी ते केलं नाही.

काही रविवारांतच सेल्फ उचलेनासा झाला. जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून सुरू केली, चालवली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तेव्हा मी कपाटातून मल्टीमीटर काढला.

शिसे-आम्लाची बॅटरी काही तास नुसती ठेवून व्होल्टेज पाहिलं की तिच्यात किती जीव आहे ते ढोबळ कळतं. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. आमची ११.८ दाखवत होती. रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग ती पूर्ण चार्ज घेत नाही. इथपर्यंत माझं बरोबर होतं. आता गाडी बंद असताना वीज कुठे गळते का, ते पाहायचं ठरवलं. जवळच्या दुकानातून बॅटरी चार्ज करून आणली, निगेटिव्ह टर्मिनल सोडलं आणि मीटर एकसर जोडला, दहा अँपिअरच्या खाचेत. आकडा दिसला, हलला, थोडा खाली आला. तेवढ्यात मला वाटलं, चावी फिरवून मीटर खरंच वाचतोय ना ते पाहावं. चावी फिरवली. पंखा चालू राहिलेला होता, पेट्रोलचा पंप घुमला, डॅशबोर्डचे दिवे लागले. दहा अँपिअरहून जास्त प्रवाह गेला आणि मीटरच्या आतला फ्यूज उडाला. त्याचा आवाज येत नाही. चावी बंद केली तेव्हा मीटर ०.०० दाखवत होता. मी वहीत लिहिलं, ‘गळती शून्य’.

त्या दिवशी एक खूण माझ्यासमोर होती. मीटर तसाच जोडलेला ठेवून मी दार उघडलं आणि आतला दिवा लागला नाही. फ्यूज उडालेला मीटर मध्ये असल्यावर गाडीला वीज मिळणारच नव्हती. मला वाटलं, बल्ब गेला असेल. तेही मी वहीत लिहिलं: ‘बल्ब बदलणे’.

आमच्या भागात ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांच्या गॅरेजला मी फोन केला. गेली कित्येक वर्षं गाडी त्यांच्याकडेच जाते. चाचांनी विचारलं, “सर, किती दिवस उभी होती? सेल्फ फिरतोय कसा?” मी म्हटलं, “चाचा, मी सगळं तपासलंय. गळती नाहीये. बॅटरीच गेलीय, नवी पाठवा.” त्यांच्याकडे काम करणारा विशीतला मुलगा बॅटरी घेऊन आला. जुनी काढण्याआधी त्याने विचारलं, “सर, एकदा लीकेज बघू का? माझ्याकडे मीटर आहे.” मी म्हटलं, “बघून झालंय, तू बसव.”

नवी बॅटरीही काही दिवसांत उतरली.

त्यानंतर मी जे वागलो ते लिहायला जड जातं. मुलगा आला तेव्हा पार्किंगमध्ये वॉचमन होता, सोसायटीचे सेक्रेटरी होते, पहिल्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन येत होत्या. त्या सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं की जुन्या बॅटरीवर नवं स्टिकर लावून तू मला दिलीस. तो बॅटरीवरचा नंबर आणि तारखेचा कोड दाखवत होता. मी पाहिलं नाही. “चाचांना सांग, असला धंदा माझ्याशी करू नका,” असंही म्हणालो. तो काही बोलला नाही. बॅटरी काढून घेऊन गेला, रात्रभर चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. चार्जिंगचे पैसे घेतले नाहीत.

पण त्या दिवशी बॅटरी बसवल्यावर तो लगेच गेला नाही. त्याने स्वतःचा मीटर काढला. बॉनेट उघडं ठेवलं, दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून गाडीला दार बंद आहे असं भासवलं आणि अर्धा तास थांबला. गाडी बंद केल्यावर तिच्यातले कंट्रोलर लगेच झोपत नाहीत, थोडा वेळ जागे राहतात, आणि तोवरचा आकडा खरा नसतो. अर्ध्या तासाने मीटर ०.१२ अँपिअर दाखवत होता. मग तो एकेक फ्यूज काढून पुन्हा बसवत गेला. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०२ वर आला.

म्युझिक सिस्टिम मी बाहेरच्या दुकानातून बसवून घेतली होती. तिची एक तार कायम वीज घेते, मेमरीसाठी. दुसरी चावी फिरवल्यावरच वीज घेते. बसवताना मी दुकानदाराला सांगितलं होतं की चावी न लावताही गाणी लागली पाहिजेत. तो म्हणाला होता की बॅटरी खाईल. मी आग्रह धरला, म्हणून त्याने दोन्ही तारा एकत्र केल्या. रोज कॉलेजला जा-ये होती तोवर अल्टरनेटर ती तूट भरून काढत होता. गाडी उभी राहू लागल्यावर दिवसाला जवळपास तीन अँपिअर-तास जाऊ लागले, म्हणजे आठवड्यात निम्म्याहून जास्त बॅटरी. मुलाने तारा वेगळ्या केल्या, टेप लावली आणि म्हणाला, “झालं सर.” मी म्हटलं, “बरं झालं सापडलं.” एवढंच. आदल्या दिवशी ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यातले निम्मे लोक तिथेच होते. तेव्हाच दोन वाक्यं बोलायला हवी होती. मी वर निघून आलो.

त्यानंतर बरेच महिने गाडी ठीक होती. कॉलेज अजून पूर्ण भरत नव्हतं, गाडी कधी आठवडा तर कधी त्याहूनही जास्त उभी राहायची. २०२१ मध्ये कधीतरी लक्षात आलं की अशी उभी राहिल्यावर सुरू करताना सेल्फ फार वेळ मारावा लागतो. सेल्फ छान जोरात फिरत होता, पण पकडायला वेळ लागायचा. एकदा सुरू झाली की दिवसभर कुठेही थांबवा, चावी फिरवताच चालू. ही दुसरी तक्रार होती, पहिलीशी तिचा संबंध नव्हता. मला मात्र पहिलीच परत आली असं वाटलं आणि मी आधी टर्मिनलं घासली.

मग प्लग बदलले. गाडी लगेच सुरू झाली, मी खूश झालो. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. पुन्हा बरी झाली, पुन्हा बिघडली. एकाने सांगितलं की तापमानाचा सेन्सर चुकत असेल, ईसीयूला इंजिन गरम आहे असं वाटत असेल, म्हणून थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळत नसेल. तोही बदलला आणि गाडी बरी झाली. या सगळ्या बदलांचं समर्थन माझ्याकडे होतं, कारण प्रत्येकानंतर गाडी खरोखर नीट सुरू होत होती.

ती का नीट होत होती, हे मी फार उशिरा पाहिलं. काही बदललं की मी उत्साहाने रोज गाडी काढायचो. रोज काढली की ती उभीच राहायची नाही, आणि हा दोष तर उभं राहिल्याशिवाय दिसतच नव्हता. त्याची चाचणी घ्यायला गाडी आठ-दहा दिवस हलवायची नाही, हाच प्रयोगाचा भाग होता, आणि नेमका तोच मी दर वेळी गाळत होतो. विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत असं दिसलं असतं तर मी लाल शाईने खूण केली असती.

सेन्सरचा अंदाज तर एका प्रश्नाने खोटा ठरला असता. रात्रभरात इंजिन बाहेरच्या हवेइतकं थंड होतं, त्यानंतर आणखी थंड होत नाही. न्यूटनचा थंड होण्याचा नियम मी दरवर्षी शिकवतो. मग थंडपणामुळे येणारा त्रास एका रात्रीनंतर जेवढा, दहा दिवसांनंतरही तेवढाच असायला हवा. आमच्या गाडीत एका रात्रीनंतर किंचित उशीर आणि दहा दिवसांनंतर फार उशीर होत होता. म्हणजे दिवसागणिक बदलणारं काहीतरी होतं. इंजिनाचं तापमान तसं बदलत नाही.

दिवसागणिक काय बदलतं, असा विचार मी केला तो एकदाच, आणि उत्तर चुकीचं काढलं: पेट्रोल. तेव्हा पेट्रोलमधल्या इथेनॉलची चर्चा जोरात होती. २०२२ मध्ये देशभरात सरासरी दहा टक्के मिश्रण गाठलं गेलं. इथेनॉल पाणी ओढतं, हे खरं आहे. पेट्रोलमधले जे हलके घटक लवकर वाफ होऊन थंड इंजिन सुरू करायला मदत करतात, तेच आधी उडून जातात, हेही खरं आहे. पण बंद टाकीत आठ-दहा दिवसांत पेट्रोल खराब होत नाही. मला ते पटेना. एका ओळखीच्या पोराकडून टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं आणि पाण्याच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून घरी बाल्कनीत ठेवलं.

त्याच बाल्कनीत आमचा गॅस गीझर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि उणे ४० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी तयार होते. बायको सकाळी आंघोळीला पाणी तापवायला गेली आणि वास आला म्हणून गीझर न लावता मला हाक मारली. त्या कॅनचा विचार आजही मनात आला की मी अस्वस्थ होतो. बाकीच्या चुकांत पैसे गेले, एका चुकीत माणूस दुखावला. या चुकीत माझं घर गेलं असतं.

कॅन घेऊन मी चाचांकडे गेलो. त्यांनी पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरलं, खाली पाण्याचा थर नाही हे दाखवलं, आणि ते सगळं गाळून माझ्याच टाकीत परत ओतलं. गाडी त्यावर व्यवस्थित चालली.

खरी खूण घरातच होती. बायको म्हणायची, “अहो, माझ्याकडून तर लगेच सुरू होते.” मला वाटायचं, ती मला चिडवते आहे. तिची सवय अशी की बसल्यावर आधी चावी अर्धी फिरवायची, काचा खाली करून आतली गरम हवा बाहेर जाऊ द्यायची, चावी बंद करून पर्स मागे ठेवायची, मग पुन्हा अर्धी फिरवून पट्टा लावायचा आणि शेवटी सेल्फ. मी चावी एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवतो. चाचांना मी हे सहज बोलता बोलता सांगितलं, तेव्हा ते हातातलं काम टाकून माझ्याकडे वळले. “हे आधी का नाही सांगितलंत?”

इंजेक्शनच्या गाडीत चावी अर्धी फिरवली की टाकीतला पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि पेट्रोलचा दाब तयार करतो. नंतर सेल्फ मारेपर्यंत थांबतो. पंपाच्या तोंडाशी एक छोटी झडप असते. गाडी बंद झाल्यावर तिने पेट्रोल मागे टाकीत जाऊ द्यायचं नसतं. झडप गळत असेल तर तासाभरात दाब जातो, पण पाइप भरलेलाच असतो, म्हणून इंजिन पटकन सुरू होतं. दिवस जात राहिले की पाइपमधलं पेट्रोलही हळूहळू टाकीत परत उतरतं, आणि मग आधी रिकामा पाइप भरायचा, नंतर दाब तयार करायचा. बायको नकळत पंपाला दोनदा संधी देत होती. मी एकदाही देत नव्हतो.

चाचांनी गाडी मुद्दाम उभी करून ठेवायला सांगितली. नंतर त्यांनी स्वतः येऊन चावी काही वेळा अर्धी फिरवली, दर वेळी पंपाची ‘घूं’ थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग सेल्फ मारला. इंजिन लगेच पकडलं. या चाचणीला एक पैसाही लागत नाही.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. दाब झडपेतून जातो की गळक्या इंजेक्टरमधून, हे वेगळं करायला हवं होतं. इंजेक्टर गळत असेल तर पेट्रोल सिलेंडरमध्ये टपकतं, सुरू होताना पेट्रोलचा वास आणि काळा धूर येतो. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलला गेज लावायला तयार तोंड नव्हतं, म्हणून पाइप सोडून मध्ये टी आणि कॉक जोडला. दाब तीन बारच्या थोडा वर गेला आणि पंप थांबल्यावर चहा येईपर्यंत काटा शून्यावर आला होता. मग पुन्हा दाब भरून त्यांनी टाकीकडची बाजू कॉकने बंद केली. काटा जागचा हलला नाही. म्हणजे इंजेक्टर ठीक होते, गळती टाकीकडे होती. आमच्या गाडीत झडप आणि दाब राखणारा रेग्युलेटर दोन्ही पंपाच्या असेंब्लीतच बसवलेले आहेत, सुटे मिळत नाहीत. चाचांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, चावी दोनदा फिरवून अशीच चालवलीत तरी चालेल.” पण पंप जुना होता, आणि आम्ही त्या गाडीने कोकणात गावी जातो. घाटात दाब कमी पडण्याचा धोका मला नको होता. मी असेंब्ली बदलायला सांगितली. ज्यांची गाडी शहरातच फिरते त्यांनी चावीवर भागवावं, असं माझं मत आहे.

बदलल्यावर या वेळी मी गाडी काढली नाही. पुरेशी उभी राहू दिली आणि मग माझ्याच पद्धतीने चावी एका झटक्यात फिरवली. ती लगेच सुरू झाली.

तेव्हा त्या मुलाची चौकशी केली. तो चाकणला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागला होता. चाचांकडून नंबर घेऊन फोन केला. पार्किंगमधल्या त्या दिवसाबद्दल माफी मागितली, आणि सेक्रेटरींना व काकूंना मी स्वतः जाऊन सांगितलं आहे की बॅटरी चांगली होती आणि चूक माझी होती, हेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ठीक आहे सर. नंतर स्टार्टिंगचा काय प्रॉब्लेम होता म्हणे?” मी सगळं सांगितलं. त्याने मध्येच विचारलं, “टाकीची बाजू बंद करून बघितली होती ना?” मी म्हटलं, “हो, चाचांनी बघितली. काटा हलला नाही.” “मग जुनी असेंब्ली फेकू नका,” तो म्हणाला. “झडप गेली की रेग्युलेटर, ते उघडल्याशिवाय नाही कळणार.”

असेंब्ली गॅरेजमध्येच पडलेली होती. पुढच्या सुट्टीला तो येऊन घेऊन गेला. काही दिवसांनी त्याचा फोटो आला, उघडलेल्या झडपेचा, आणि खाली लिहिलं होतं की रेग्युलेटर ठीक आहे, झडपेचं रबर कडक होऊन एका कडेने झिजलंय.